बाबासाहेबांची लंडनची एमएस्सी सायन्सची नव्हती, ती होती सरकारी तिजोरीच्या हिशेबाची

14 एप्रिल जवळ आला की परभणीपासून पार अमेरिकेपर्यंत बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी फिरायला लागते. एमए, पीएचडी, एमएस्सी, डीएस्सी, बार-ॲट-लॉ. त्यातली एमएस्सी वाचून अनेकांना वाटतं, ही विज्ञानाची डिग्री असणार.

तसं नाहीये. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये 1921 साली मिळालेली ही पदवी अर्थशास्त्राची होती. प्रबंधाचा विषय होता ब्रिटिश भारतात केंद्राचा पैसा प्रांतांकडे कसकसा गेला. आजच्या भाषेत सांगायचं तर पब्लिक फायनान्समधलं मास्टर्स. आणि ते पूर्ण व्हायला, मधल्या खंडासकट, पाच वर्षं लागली.

सुरुवात होते 1913 मध्ये. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, मुदत तीन वर्षं. अट अशी की परत आल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी करायची. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी 1915 मध्ये अर्थशास्त्रात एमए केलं, प्राचीन भारतातल्या व्यापारावर प्रबंध लिहून. तिथे त्यांना एडविन सेलिग्मन भेटले. करप्रणाली आणि सरकारी जमाखर्च या विषयातलं हे त्या काळातलं मोठं नाव. हिशेबाच्या या वाटेवर बाबासाहेब इथूनच लागले.

1916 मध्ये ते लंडनला आले. एलएसईत मास्टर्ससाठी नाव घातलं, फी होती 10 पौंड 10 शिलिंग. सोबत ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 मध्ये सगळं अर्धवट टाकून परतावं लागलं. विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करायची सवलत दिली, एवढाच काय तो दिलासा. पहिलं महायुद्ध चालू होतं. त्यांचं सामान आणि पुस्तकं ज्या बोटीत होती, ती पाणतीराने बुडाली.

बडोद्यात काय झालं, ते बहुतेकांना माहीत आहे. परदेशी विद्यापीठातून शिकून आलेल्या माणसाला गावात राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेतून हाकलून दिल्यावर नोकरी सोडून ते मुंबईला आले.

लंडनला परत जायचं तर पैसा हवा. नोव्हेंबर 1918 पासून त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं, पगार 450 रुपये. त्यातून शिल्लक टाकली, नवल भथेना या मित्राकडून 5000 रुपये उसने घेतले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. 1920 च्या जुलैत बोट पकडली.

आणि इथे एक विचित्र योग जुळून आला.

1920 मध्ये सरकारने रुपयाचा भाव 2 शिलिंग ठरवला होता, म्हणजे 10 रुपयांना 1 पौंड. तो भाव टिकलाच नाही. 1921 मध्ये रुपया 1 शिलिंग 4 पेन्सच्या आसपास घसरला, म्हणजे पौंडाला 15 रुपये. मुंबईत जमवलेले 1500 रुपये लंडनमध्ये 150 पौंड व्हायचे, ते आता 100 झाले. परदेशी शिकणाऱ्या कोणत्याही पोराच्या घरी आज डॉलरचा भाव रोज का बघितला जातो, हे वेगळं सांगायला नको. सप्टेंबर 1921 मध्ये बाबासाहेबांनी शाहू महाराजांना पत्र लिहून 200 पौंड कर्जाऊ मागितले. रुपया हा विषय त्यांच्या टेबलावर होता आणि खिशातही.

एमएस्सीच्या कामाचा गाभा तसा सोपा आहे. 1833 पासून भारतातला सगळा महसूल कलकत्त्याच्या मध्यवर्ती सरकारच्या हातात होता. प्रांत खर्च करायचे, पण पैसा उभा करायची जबाबदारी त्यांची नाही. मग काटकसर कोण करणार? 1871 पासून प्रांतांना ठरावीक रक्कम मिळू लागली. 1877 पासून काही महसूल थेट त्यांच्याकडे सोपवले गेले. 1882 पासून काही उत्पन्न दोघांत वाटलं जाऊ लागलं. हे टप्पे बाबासाहेबांनी आकडेवारीनिशी मांडले. याच विषयावरचं त्यांचं कोलंबियाचं काम 1925 मध्ये पुस्तकरूपाने आलं. प्रस्तावना सेलिग्मन यांची होती. छापील पुस्तक सादर झाल्यावर 1927 मध्ये पीएचडी मिळाली. जीएसटीची भरपाई किंवा वित्त आयोगाचा वाटा यावरून केंद्र आणि राज्यं भांडतात, तेव्हा वाद याच प्रश्नाचा असतो.

एमएस्सीनंतर डीएस्सीसाठी घेतलेला विषय थेट रुपयाच होता. ऑक्टोबर 1922 मध्ये प्रबंध सादर केला, तो दुरुस्तीसाठी परत आला. सुधारून पुन्हा दिला आणि 1923 च्या अखेरीस पदवी मिळाली. मार्गदर्शक एडविन कॅनन यांना त्यातली काही मतं पटली नव्हती, तरी पुस्तकाला प्रस्तावना त्यांनीच लिहिली. केन्स यांनी 1913 च्या पुस्तकात भारताच्या ज्या सुवर्ण विनिमय पद्धतीची बाजू घेतली होती, तिच्यावर बाबासाहेबांनी टीका केली. त्यांचा आक्षेप होता की या पद्धतीत सरकार मनाला येईल तेवढे रुपये पाडू शकतं, महागाई वाढते आणि मार गरिबाला बसतो. त्यामुळे चलनाला पक्की मर्यादा हवी.

गंमत म्हणजे त्या वेळी परभणीत हा रुपया मुख्य चलनच नव्हता. जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तिथे हाली सिक्का चालायचा. इंग्रजी रुपयाला लोक कलदार म्हणत. 100 कलदारला साधारण 116-117 हाली पडायचे. म्हणजे विनिमय दराचं गणित मराठवाड्यातल्या व्यापाऱ्याला लंडनला न जाताही करावं लागायचं. हाली चलनातून गेलं ते 1950 च्या दशकात.

आता एक दुरुस्ती. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी स्थापन केली, असं अनेक पोस्टमध्ये असतं. हे जरा ताणून सांगितलेलं आहे. 1925 च्या डिसेंबरात त्यांनी हिल्टन यंग आयोगासमोर चलनावर साक्ष दिली, हे खरं. साक्षी इतरांच्याही झाल्या. आयोगाने 1926 मध्ये मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, कायदा 1934 मध्ये झाला आणि बँक 1 एप्रिल 1935 ला सुरू झाली. वयाच्या चौतिसाव्या वर्षी अशा आयोगाला चलनाचं शास्त्र समजावून सांगणं हीच गोष्ट पुरेशी मोठी आहे, तिला फुगवायची गरज नाही.

लंडनमध्ये ते ज्या घरात राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरचं 10 नंबरचं घर महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये विकत घेतलं. आज परदेशी मास्टर्स करू पाहणाऱ्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्यात फी, निर्वाह भत्ता आणि विमानभाडं मिळतं. अटी बदलत राहतात, त्यामुळे अर्ज करताना त्या वर्षीची जाहिरात वाचावी. या योजनेला नाव राजर्षी शाहू महाराजांचं आहे.