नाम आणि स्थान
इंटरनेटच्या पूर्वकाळी नाम हा सामान्यतः एकाच यंत्राचा निर्देश असे. स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील एका यादीत सर्व नावे व पत्ते नोंदविले जात. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नामव्यवस्था मांडून हा अधिकार अनेकांत वाटला. १९९५ मध्ये थॉमस ब्रिस्को यांनी, एका नावाचे अनेक पत्ते आळीपाळीने देऊन भार विभागण्याच्या रीतीवर टिपण प्रसिद्ध केले. तथापि या आळीपाळीला अंतराचे ज्ञान नव्हते. १९९८ साली स्थापन झालेल्या अकामाईने, प्रश्न कोठून आला हे पाहून जवळच्या सर्व्हरचा पत्ता देण्याची रीत व्यापक प्रमाणावर योजिली. आज तो पत्ताही पुष्कळदा आभासी सर्व्हरचा असून त्यामागे अनेक यंत्रे असतात. तात्पर्य, नाम तेच राहिले. त्याचा अर्थ मात्र यादीत नव्हे, तर उत्तर देणाऱ्याकडे ठरू लागला.