लोखंडाचे पाणी : भुदरगड परिसरातील लोहकाम आणि मराठी परिभाषा

धातुविद्येचा इतिहास लिहिताना खाण आणि भट्टी यांकडे अभ्यासकांचे जितके लक्ष जाते, तितके धातूच्या पृष्ठभागाकडे जात नाही. खाण भूगर्भशास्त्रज्ञाला सापडते, भट्टीचे अवशेष पुरातत्त्वज्ञाला सापडतात. परंतु विळ्याच्या धारेवर शंभर वर्षांपूर्वी लोहाराने कोणता संस्कार केला होता, याचा पुरावा ती धार झिजताच नाहीसा होतो. हत्यार जितके वापरात, तितका त्याचा इतिहास पुसलेला. अशा विषयात शब्द हाच पुष्कळदा शिल्लक राहिलेला पुरावा असतो, आणि म्हणूनच भाषेच्या अभ्यासकाने या क्षेत्रात पाऊल टाकणे सर्वस्वी अनधिकार ठरू नये. कोल्हापूर जिल्ह्याचा भुदरगड तालुका व त्याचे मुख्य ठिकाण गारगोटी यांच्या आसपासचे लोहकाम डोळ्यांपुढे ठेवून, लोखंडाचा पृष्ठभाग कठीण करणे, त्याची झीज व त्याची परीक्षा यांविषयीच्या मराठी शब्दांचा विचार येथे करावयाचा आहे.

भुदरगडची निवड सहेतुक आहे. १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये कोल्हापूर संस्थानात लोहखनिज विपुल असलेल्या भागांत विशाळगड व पन्हाळा यांच्या जोडीने भुदरगडाचे नाव येते. लोखंड गाळण्याचा धंदा या संस्थानात पूर्वी बऱ्यापैकी महत्त्वाचा होता, मात्र उत्पादनाच्या खर्चामुळे येथील लोखंड युरोपातून येणाऱ्या मालापुढे टिकू शकत नाही, अशी नोंदही तेथे आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरील जांभा दगड व तांबडी माती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या खनिजाचे नवल वाटणार नाही.

हे लोखंड गाळणारे लोक म्हणजे धावड. टर्नर यांच्या भारतीय-आर्य भाषांच्या तुलनात्मक कोशात संस्कृत ‘धातु’ या शब्दाखाली प्राकृत ‘धाउ’ आणि मराठी ‘धाऊ’ किंवा ‘धाव’, म्हणजे एक प्रकारचा मऊ तांबडा दगड, हे शब्द दिले असून ‘धावड’ व ‘धावडी’ हे त्यांवरूनच साधले आहेत. तांबड्या दगडाचे नाव ज्या समाजाला मिळाले, तो समाज त्या दगडातून लोखंड काढणारा होता, ही व्युत्पत्ती इतिहासाशी जुळते. येथे एक सावधगिरी मात्र हवी. बैलगाडीच्या चाकाला बसविलेल्या लोखंडी पट्ट्यालाही मराठीत ‘धाव’ म्हणतात; तो शब्द धावण्याच्या क्रियेवरून आला, की लोहवाचक ‘धाव’शी त्याचे नाते आहे, हे केवळ ध्वनिसाम्यावरून ठरविता येणार नाही. तसेच ‘धावडा’ नावाचा वृक्षही सह्याद्रीत आढळतो. तेव्हा नकाशावर ‘धावड’ दिसले की तेथे भट्टी होती, असे मानण्याचा मोह टाळलेला बरा.

कोळशाच्या लहान भट्टीत मिळणारे लोखंड वितळून वाहत नसे. त्याचा सच्छिद्र गोळा हाती येई. त्यातले कीट घणाने ठोकून बाहेर काढावे लागे. अशा लोखंडात कार्बनाचे प्रमाण अत्यल्प असते. ते चिवट असते, ठोकून हवे तसे वळविता येते. पण त्याची धार टिकत नाही आणि लाल करून पाण्यात बुडविले तरी ते कठीण होत नाही. पाण्याचा गुण घेण्यासाठी कार्बनयुक्त लोखंड, म्हणजे पोलाद, लागते. जुन्या मराठीत पोलादाला ‘तिखे’ असा शब्द होता. संस्कृत ‘तीक्ष्ण’ हे त्याचे मूळ. फारसीतून आलेल्या ‘पोलाद’ने त्याला पुढे व्यवहारातून हटविले. हत्याराचा देह मऊ लोखंडाचा आणि धारेपुरता तुकडा तिख्याचा, ही योजना ज्या कारागिराला सुचली त्याला पृष्ठभाग आणि गाभा यांचे प्रयोजन वेगळे असते हे ठाऊक होते. गाभ्याने धक्का सोसावा, पृष्ठभागाने घर्षण सोसावे. आजचे पृष्ठसंस्कारांचे सारे शास्त्र याच भेदावर उभे आहे.

आता ‘पाणी देणे’ व ‘पाणी पाजणे’ या प्रयोगांकडे वळू. धारेच्या पाण्याचा संबंध फारसी ‘आब’शी जोडण्याकडे काहींचा कल असतो, कारण ‘आब’ या शब्दालाही पाणी, तेज आणि तलवारीचा कठीणपणा असे अर्थ आहेत. मोत्याचे पाणी, पाणीदार डोळे या प्रयोगांत फारसीची छाया असणे शक्य आहे. परंतु ‘पाजणे’ ही क्रिया फारसीच्या कितीतरी आधीची आहे. सुश्रुतसंहितेत शल्यकर्माच्या शस्त्रांना द्यावयाची ‘पायना’ तीन प्रकारची सांगितली आहे : क्षाराची, पाण्याची व तेलाची, आणि कोणत्या कामाच्या शस्त्राला कोणती पायना द्यावी, याचाही विवेक केला आहे. ‘पायना’ म्हणजे पाजणे. तापलेले शस्त्र तहानेले आहे व द्रव पिऊन ते तृप्त होते, ही कल्पना संस्कृत ग्रंथकाराची आणि गावच्या लोहाराची एकच आहे. पुढे कोयता किंवा विळा सहाणेवर घासून धार लावण्यालाही ‘पाजवणे’ म्हणू लागले. पाणी पाजल्याने धार येते, म्हणून धार आणण्याची कोणतीही क्रिया म्हणजे पाजवणे, असा हा अर्थविस्तार झाला असावा, असे आमचे मत आहे. ‘शस्त्रे पाजळणे’ हा प्रयोग याहून वेगळा. तो प्रज्वलनाच्या कुळातला आहे, आणि या दोहोंची गल्लत सुशिक्षितांच्या लेखनातही आढळते.

पाजण्याची क्रिया भौतिक दृष्टीने पाहिली, तर शब्दाची समर्पकता अधिकच पटते. लाल तापलेले पोलाद एकदम थंड केले म्हणजे आतील कार्बनाला बाहेर पडून स्वतंत्र संयुग बनविण्यास अवधी मिळत नाही. तो लोखंडाच्या स्फटिकरचनेत अडकून राहतो व ती रचना ताणली जाऊन कठीण होते. या रचनेला १८९५ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ ओस्माँ याने जर्मन धातुविद मार्टेन्स याच्या नावावरून ‘मार्टेन्साइट’ हे नाव दिले. साध्या कार्बन पोलादाच्या जाड तुकड्यात हा परिणाम पृष्ठभागापासून थोड्याच मिलिमीटरांपर्यंत पोहोचतो. गाभा तुलनेने मऊच राहतो. म्हणजे पाणी खरोखरच वरून ‘प्यायले’ जाते. याप्रमाणे कठीण झालेले पोलाद ठिसूळ असते, म्हणून ते पुन्हा बेताने तापवावे लागते. त्या वेळी घासून स्वच्छ केलेल्या पृष्ठभागावर सुमारे २२० अंश सेल्सियसला फिकट पिवळा रंग येतो आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. लोहाराजवळ तापमापक नव्हता. हा रंगच त्याचा तापमापक होता. ताप अधिक झाला की ‘पाणी उतरले’. अमुक विहिरीच्या पाण्याने धार चांगली चढते, अशा आख्यायिका गावोगाव ऐकू येतात. त्यांत द्रवाच्या थंड करण्याच्या वेगाचे खरे ज्ञान किती आणि धंद्याचे गुपित राखण्याची हौस किती, हे पारखून घ्यावे लागते. मिठाचे पाणी साध्या पाण्यापेक्षा लवकर आणि तेल सावकाश थंड करते, एवढे खरे.

या शब्दसंग्रहात एक विभागणी लक्षात येते. धातूवर दुसऱ्या पदार्थाचा थर चढविण्याचे शब्द बहुधा अरबी-फारसीतून आले आहेत : कल्हई, मुलामा, झिलई. ‘कल्हई’ हे तर मुळात कथलाचेच अरबी नाव. मराठीत ते धातूवरून क्रियेवर गेले. याउलट लोखंडाच्या स्वतःच्या पृष्ठभागात बदल घडविण्याचे व धातूच्या परीक्षेचे शब्द देशी आहेत : पाणी, पाजणे, धार, कस. ‘ओप’सारखे अपवाद आहेत आणि ‘पोलाद’ हा तर मोठाच अपवाद. तरीही विभागणी निरर्थक वाटत नाही. शिवकालात राज्यव्यवहारकोश तयार झाला तेव्हा दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय योजण्यात आले. लोहाराच्या ऐरणीवरच्या या शब्दांना मात्र पर्याय शोधण्याची गरजच नव्हती.

झिजेचा प्रश्न सर्वांत तीव्रतेने उभा राहिला तो नांगराच्या फाळाबाबत. मुरमाड व जांभ्याच्या जमिनीत फाळाचे टोक लवकर बोथट होते. बलुतेपद्धतीत ते टोक पुन्हा काढून देणे हे लोहाराचे काम असून त्याचा मोबदला वर्षाच्या बलुत्यातच धरलेला असे. फाळ किती झिजला याचा हिशेब शेतकऱ्याला पैशात कधीच करावा लागत नव्हता. ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे पुढील इतिहासावर वेगळा प्रकाश पडतो.

गारगोटीच्या आग्नेयेस फार दूर नसलेल्या बेळगावात १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला. पहिले थोडे नांगर खपण्यासही दोन वर्षे लागली. लोखंडाने जमीन विषारी होते, ही शेतकऱ्यांची समजूत त्यास कारण झाली असे नेहमी सांगितले जाते, आणि ते खोटे नाही. परंतु शेतकऱ्याचे अज्ञान एवढेच कारण पुढे करणे आम्हांस अपुरे वाटते. ओतीव नांगराचा फाळ झिजला तर तो गावच्या भात्यावर सुधारता येत नाही. बीड तापवून ठोकले तर ते फुटते. म्हणजे नवा फाळ रोख पैसे देऊन विकत आणावा लागणार. जी झीज बलुत्यात लपलेली होती, तिला प्रथमच बाजारभाव आला. कारखानदाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की फाळाचा पृष्ठभाग जितका टिकाऊ, तितका नांगर शेतकऱ्याला पटणार.

बिडाचा पृष्ठभाग कठीण करण्याची युक्ती इंग्लंडात इप्सविच येथील रॉबर्ट रॅन्सम याने १८०३ साली हस्तगत केली होती. साच्याची एक बाजू वाळूऐवजी लोखंडाची ठेवली की तिला लागून असलेला रस झपाट्याने थंड होतो. तेथील कार्बन ग्रॅफाइटच्या रूपाने सुटा न होता लोखंडाशी संयुक्त राहतो, आणि तेवढा थर पांढऱ्या, अतिकठीण बिडाचा बनतो. रॅन्समच्या फाळाची खालची बाजू अशी कठीण होती व वरची मऊ. वरची बाजू अधिक झिजत राहिल्यामुळे नांगरता नांगरताच फाळाला धार येई. झीज टाळता येत नसेल तर तिच्याकडूनच काम करून घ्यावे, असा हा विचार आहे. १९१० साली किर्लोस्करांचा कारखाना औंध संस्थानात कुंडल रोड स्थानकाजवळ, आजच्या किर्लोस्करवाडीस, गेला. या मुलखात यंत्राने केलेल्या शेतीच्या अवजारांचे युग तेथून सुरू झाले. कोल्हापूर शहर पुढे ओतकामाचे मोठे केंद्र बनले. भुदरगडचे खनिज मात्र या साऱ्या उद्योगाच्या उपयोगी पडले नाही.

परीक्षेच्या बाबतीत कारागिराची साधने म्हणजे कान, कानस आणि मोडलेल्या तुकड्याचा कण. ठोकल्यावर येणारा आवाज खणखणीत की बद, कानस चावते की घसरते, मोडीचा पृष्ठ बारीक कणांचा की भरड, यांवरून तो निर्णय करी. ‘एखाद्याचे पाणी जोखणे’ हा वाक्प्रचार याच परीक्षेची आठवण जपतो. ‘कसोटी’ मात्र सोनाराची आहे. ती शुद्धता सांगते, टिकाऊपणा सांगत नाही. स्वीडनच्या ब्रिनेल याने १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलेल्या पद्धतीत १० मिलिमीटर व्यासाची गोळी पोलादावर ३००० किलोग्रॅम भाराने दाबतात व खळग्याच्या आकारावरून काठिण्याचा अंक काढतात. या अंकाने कारखान्यांची मोठी सोय झाली. पण त्याबरोबर असा समज पसरला की काठिण्य मोजले म्हणजे झिजेचा प्रतिकार मोजला. वस्तुतः दोन्ही गोष्टी भिन्न आहेत. आयन फिनी याने १९६० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उडणाऱ्या कणांनी होणाऱ्या झिजेचे गणित मांडले. चिवट धातूची झीज कण सुमारे २० अंशांच्या तिरप्या कोनातून आदळल्यास सर्वाधिक होते; ठिसूळ पदार्थाची मात्र कण सरळ समोरून आदळल्यास. म्हणून वेदगंगेच्या काठावरील पंपातून पाण्याबरोबर वाळू जात असेल, तर त्याच्या पात्याला कोणते पाणी द्यावे हे वाळू कोणत्या कोनातून येते यावर अवलंबून राहील. केवळ कठीण पृष्ठभाग एका ठिकाणी टिकेल आणि दुसऱ्या ठिकाणी टवके उडून जाईल.

आणि येथेच परिभाषेचा प्रश्न निकडीचा होतो. बोलीत ‘झिजणे’ घर्षणाचे, ‘गंजणे’ हवा-पाण्याच्या रासायनिक क्रियेचे, ‘धूप’ माती वाहून जाण्याची, ‘टवका उडणे’ ठिसूळ पृष्ठाचे. चार क्रियांना चार शब्द असून कोणीही त्यांची अदलाबदल करीत नाही. महाराष्ट्राच्या शालेय विज्ञानात गंजण्याच्या व्यापक क्रियेसाठी ‘क्षरण’ हा शब्द रूढ झाला आहे. संस्कृत ‘क्षर्’ धातूचा अर्थ झरणे, वाहून जाणे. अर्थाच्या दृष्टीने तो वाळूमिश्रित प्रवाहाने होणाऱ्या झिजेला अधिक शोभला असता. आता त्या झिजेसाठी ‘अपक्षरण’ म्हणावे, तर एका उपसर्गावर दोन भिन्न शास्त्रीय संकल्पनांचा भार पडतो, आणि उत्तरपत्रिकेत विद्यार्थी नेमका तो उपसर्गच विसरतो. ज्या विद्यार्थ्याला पंपाचे पाते गंजले की झिजले हे ओळखून उपाय योजावयाचा आहे, त्याच्या बाबतीत हा शब्दांचा घोळ निरुपद्रवी नाही. गंजण्यावर जस्ताचा मुलामा हा उपाय आहे, वाळूच्या माऱ्यापुढे तो मऊ मुलामा फार काळ टिकत नाही.

गारगोटीस १९५२ साली जे. पी. नाईक यांच्या पुढाकाराने मौनी विद्यापीठ स्थापन झाले व पुढे तेथे स्थापत्य आणि ग्रामीण अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू झाले. ज्या तालुक्यात एके काळी धावड लोखंड गाळीत होते, तेथेच या विषयाचे अध्यापन व्हावे, हा योग उपयोगात आणण्याजोगा आहे. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत लोहकामाचे पुष्कळ शब्द सापडतात. पण ते वर्णक्रमाने विखुरलेले आहेत आणि त्यांच्या मागची कृती तेथे क्वचितच दिली आहे. शब्द, कृती आणि तुकड्याचे काठिण्य या तिन्हींची नोंद एकत्र करावयाची तर भाषेचा विद्यार्थी व धातुविद्येचा विद्यार्थी यांनी एकाच भात्यापुढे बसले पाहिजे. अवधी मात्र थोडा आहे. बैलगाड्यांना रबरी चाके आली तशी धाव चढविण्याचे काम बहुतेक थांबले, आणि तरुण लोहाराला ‘धाव’ म्हटले तर त्याचा एकच अर्थ ठाऊक असतो, धावण्याचा.