दोन जिवांच्या बाईचा निवाडा

घरातली बाई दोन जिवांची झाली, की तिच्यावर साऱ्या जगाचा हक्क सुरू होतो. सासू सांगते, शेजारीण सांगते, एसटीत बाजूला बसलेली अनोळखी म्हातारीही सांगते. हे खाऊ नको, तिकडे जाऊ नको, ग्रहणात विळी हातात धरू नको. यातलं बरंचसं मायेपोटी येतं. पण हीच बाई तंबाखू मळताना, मशेरी लावताना किंवा सिगारेट ओढताना दिसली, की सूर पालटतो. ‘आई आहे की वैरीण?’ असा सवाल तिच्या तोंडावर फेकला जातो.

या निवाड्याला मोठा इतिहास आहे आणि आज मला तोच थोडक्यात सांगायचा आहे. तंबाखूनं आणि दारूनं पोटातल्या बाळाला अपाय होतो, याबद्दल आता शंका उरलेली नाही. मला विचारायचं आहे ते पुढचं. अपाय होतो हे कळल्यावर समाजानं काय केलं? त्या बाईचा हात धरला, की तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं?

आपल्याकडची जुनी साक्ष चरकसंहितेची आहे. तिच्या शारीरस्थानात गर्भाला बाधक ठरणाऱ्या गोष्टींची लांबलचक यादी आहे. नेहमी मद्य पिणाऱ्या बाईचं मूल सतत तहानलेलं, कमी स्मरणशक्तीचं आणि अस्थिर चित्ताचं होतं, असं तिथे म्हटलं आहे. भांडखोर बाईला अपस्माराचं मूल होतं, असंही म्हटलं आहे. म्हणजे निरीक्षण आणि निवाडा एकाच दमात. परंतु त्याच शारीरस्थानात डोहाळ्यांचाही विचार येतो. गर्भिणीच्या ठायी दोन हृदयं असतात, म्हणून तिची इच्छा मोडू नये, असं चरक सांगतात. अपायकारक वस्तूची इच्छा फारच तीव्र झाली, तर तीसुद्धा हितकर पदार्थांची जोड देऊन तिला द्यावी, असा त्यांचा सल्ला आहे. दोष दाखवणारा आणि सांभाळून घेणारा, असे दोन्ही सूर एकाच ग्रंथात नांदतात. पुढच्या काळात मात्र पहिलाच सूर चढत गेला.

अठराव्या शतकातलं लंडन पाहा. जिन नावाची स्वस्त दारू तिथे गल्लोगल्ली मिळू लागली होती. १७२६ साली तिथल्या वैद्यांच्या कॉलेजनं पार्लमेंटकडे तक्रार केली, की या दारूपायी मुलं अशक्त आणि रोगट निपजत आहेत. १७५१ साली विल्यम होगार्थ या चित्रकारानं ‘जिन लेन’ हे चित्र छापलं. चित्राच्या मधोमध एक झिंगलेली बाई आहे. ती तपकिरीची चिमूट घेण्यात गुंग आहे आणि तिच्या हातून सुटलेलं मूल कठड्यावरून खाली कोसळतं आहे. चित्र गाजलं आणि त्याच वर्षी जिनच्या विक्रीवर कडक कायदाही आला. पण जिन होत होती धान्यापासून, आणि धान्याला गिऱ्हाईक मिळतं म्हणून जमीनदारांनी हा धंदा वाढू दिला होता. ते जमीनदार पार्लमेंटात होते, चित्रात नव्हते. चित्रात आली ती आई.

अशीच गोष्ट शंभर वर्षांपूर्वी आपल्या मुंबईत, गिरणगावात घडली. १९२१-२२ साली मुंबई सरकारनं डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स या डॉक्टर बाईंना गिरणी कामगार बायकांच्या बाळंतपणाची चौकशी करायला नेमलं. त्यांना काय दिसलं? पोटुशी बाई दिवस भरत येईपर्यंत यंत्रापाशी उभी. रजा घेतली तर मजुरी बुडणार आणि जागाही जाणार. बाळंतपणानंतर तान्हं मूल खोलीवर ठेवून ती पुन्हा कामावर. आणि ते मूल दिवसभर रडू नये म्हणून त्याला अफूची गोळी. ‘बाळगोळी’ हे तिचं लाडकं नाव. कामगार बायकांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव तान्ह्यांना अफू दिली जाते, असं बार्न्सबाईंनी नोंदवलं.

हा आकडा वाचून सभ्य मुंबई हादरली. अडाणी आया स्वतःच्या पोरांना विष चारतात, असा बोलबाला झाला. पण जरा हिशेब मांडून पाहू. अफूची दुकानं सरकारी परवान्यावर चालत होती आणि तिचा अबकारी महसूल सरकारच्याच तिजोरीत जमा होत होता. पाळणाघर नसलेली गिरणी मालकाची होती. दहा तासांची पाळी मालकानं ठरवलेली होती. या साखळीतली शेवटची कडी म्हणजे आईच्या बोटांतली ती गोळी. बोट तेवढंच दिसलं.

या वेळी मात्र दुसरा सूरही उमटला, आणि त्याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे. बाळंतपणात भत्त्यासह विसावा मिळावा, अशी मागणी करणारं विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात आलं. २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, असं ते म्हणाले. हा भार बऱ्याच अंशी सरकारनं उचलावा हे त्यांना मान्य होतं. पण ज्या मालकाला बाईच्या कामातून नफा होतो, त्यानंही त्यातला वाटा उचलावा, असा त्यांचा आग्रह होता. १९२९ साली मुंबई प्रांतात हा कायदा झाला. देशातला असा तो पहिला कायदा. आयांना शहाणं करण्याची भाषणं त्याआधीही पुष्कळ झाली होती. या कायद्यानं पहिल्यांदाच विचारलं, की तिला थांबायची सवड कुणी दिली?

सिगारेटची कथा याच्या पुढची आहे. गरोदरपणी सिगारेट ओढणाऱ्या बायकांची मुलं अपुऱ्या दिवसांची जन्मतात, हे १९५७ साली कॅलिफोर्नियातल्या डॉ. विनीया सिम्प्सन यांनी हजारो बाळंतपणांच्या नोंदींवरून दाखवलं. पुढे इतर देशांतूनही पुरावे येत गेले. सिगारेट कंपन्यांनी काय केलं? १९७१ साली फिलिप मॉरिस कंपनीचे अध्यक्ष जोसेफ कलमन अमेरिकेच्या टेलिव्हिजनवर आले. सिगारेट ओढणाऱ्या बायकांची मुलं लहानखुरी होतात हे त्यांनी कबूल केलं. ती मुलं तितकीच निरोगी असतात, असंही सांगितलं. आणि वर म्हणाले, काही बायकांना लहान मूलच हवं असतं! पुढे १९८५पासून अमेरिकेतल्या पाकिटांवर आलटून-पालटून वेगवेगळे इशारे छापले जाऊ लागले. त्यातल्या एकात गरोदर बायकांचा वेगळा उल्लेख होता.

डॉक्टर मंडळींचंही मत कसं बदलत गेलं पाहा. १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये डॉ. फ्रिट्झ फुक्स यांनी एक उपचार मांडला. वेळेआधी कळा येऊ लागल्या, तर गर्भवतीला शिरेतून अल्कोहोल द्यायचं. त्यानं कळा थांबतात, असं दिसलं आणि हा उपचार कितीतरी इस्पितळांत चालला. सहाच वर्षांनी, १९७३ साली, सिअ‍ॅटलच्या डॉक्टरांनी आईच्या दारूमुळे बाळात येणाऱ्या व्यंगांना नाव दिलं. १९८१ साली अमेरिकी सरकारनं गर्भवतींना दारू पूर्ण वर्ज्य करण्याचा सल्ला दिला. ज्ञान असंच चुकत-माकत पुढे जातं, त्यात शरमेचं काही नाही. मात्र सलाईनमधून अल्कोहोल देणाऱ्याला कुणी वैरी म्हटलं नाही.

निवाडा टोकाला गेला, की काय होतं? अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटन शहरात १९८९ साली एका सरकारी इस्पितळानं पोलिसांशी हातमिळवणी केली. तपासणीला आलेल्या गरोदर बायकांची लघवी त्यांच्या संमतीवाचून कोकेनसाठी तपासायची आणि अंश सापडला तर पोलिसांना कळवायचं. काहींना बाळंतपणानंतर लगेच बेड्या पडल्या. तीस बायकांना अटक झाली आणि त्यांतल्या एकोणतीस काळ्या होत्या. २००१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला, की संमती किंवा वॉरंट नसताना पोलिसांसाठी केलेली अशी तपासणी घटनाबाह्य आहे. डॉक्टरांच्या संघटना पहिल्यापासून सांगत होत्या, की अशानं बायका नशा सोडणार नाहीत, दवाखाना सोडतील. ज्या मुलांवर जन्मतःच ‘कोकेनची मुलं’ असा शिक्का बसला, त्यांचं पुढे काय झालं? फिलाडेल्फियात डॉ. हॅलम हर्ट यांनी दोनशेहून अधिक मुलांचा जन्मापासून वीसेक वर्षं पाठपुरावा केला. त्यांच्या बुद्धीवर आणि वाढीवर कोकेनपेक्षा गरिबीचा घाव मोठा पडतो, असा निष्कर्ष निघाला. गरिबीची लघवी तपासता येत नाही. म्हणून तिला अटकही होत नाही.

चार्ल्सटन फार लांबचं गाव वाटेल. पण मशेरीचा वास आपल्या ओळखीचा आहे. तंबाखूचा पाला तव्यावर काळा होईस्तोवर भाजायचा, चुरायचा, डबीत भरायचा आणि सकाळी बोटावर घेऊन दातांना चोळायचा. विडी-सिगारेट ओढणारी बाई ज्या घरात खपली नसती, त्या घरात मशेरीची डबी मात्र चुलीशेजारी असायची. १९६०च्या दशकात डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या एक लाखाहून अधिक खेडुतांची तोंडं तपासली, तेव्हा बायकांच्या तंबाखूत मशेरीचा वाटा सर्वांत मोठा निघाला. आमच्या मोहल्ल्यात रमजानच्या दिवसांत मगरिबची अजान झाली, की खजुरानं रोजा सुटायचा आणि त्यापाठोपाठ कित्येक खाला-फुफींचा हात या डबीकडे जायचा. गर्भवतीला आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला आमच्या धर्मानं रोज्यातून सवलत दिली आहे. तिची ताकद बघून नियम वाकवावा, ही समज त्या सवलतीमागे आहे. मशेरीच्या बाबतीत मात्र तिला समजही मिळाली नाही आणि सवलतही. आधी सासरनं डबी पुढे केली, आणि मग दवाखान्यानं डोळे वटारले.

त्या डबीची किंमत २००४ साली कळली. डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकारी श्रीविद्या यांनी मुंबईतल्या १,२१७ गर्भवतींचा अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. तंबाखू वापरणाऱ्यांमध्ये मशेरीवाल्याच अधिक होत्या. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं आणि बाळंतपण सुमारे सहा दिवस आधी झालं. धूर नसलेला तंबाखूही गर्भापर्यंत पोचतो, हे मुंबईच्याच बायकांनी जगाला दाखवून दिलं.

मग आमच्याच गल्लीतली एक सून नाव घालायला दवाखान्यात गेली. टेबलापलीकडून, रांगेतल्या वीस-पंचवीस बायकांसमोर, खड्या आवाजात प्रश्न आला, ‘मशेरी लावतेस का गं?’ तिच्या आधीच्या बाईला ‘हो’ म्हटल्याबद्दल काय ऐकावं लागलं, ते तिनं नुकतंच ऐकलं होतं. ती ‘नाही’ म्हणाली. केसपेपरवर ‘नाही’ लिहिलं गेलं. पुढचे सहा महिने तिला कुणी मशेरीबद्दल काही विचारलं नाही, की सोडायला मदत केली नाही. कागद स्वच्छ राहिला आणि डबी उशाखाली गेली. ओरडणाऱ्या बाईंचा हेतू वाईट होता, असं मी म्हणणार नाही. रांग मोठी होती आणि जे कळकळीनं सांगायचं, ते रागानं बाहेर पडलं. पण खरी माहिती मिळण्याचा जो एकमेव क्षण होता, तो त्या रागानं हिरावून नेला.

आणि जी बाई स्वतः तंबाखूला तोंड लावत नाही, पण सोलापुरात किंवा सिन्नरला विड्या वळते, तिचं काय? पोट पुढे आलेलं, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पानं. रोजची हजार विडी पुरी व्हायला हवी, म्हणून नवव्या महिन्यातही बोटं चालूच. तंबाखूची धूळ तिच्या नाकातोंडात जाते, कातडीतून अंगात भिनते. तिला मात्र कुणी वैरीण म्हणत नाही, कारण तिच्या तंबाखूतून दुसऱ्याचा धंदा चालतो. एकाच पानाबद्दलचे हे दोन निवाडे शेजारी-शेजारी ठेवले, की आपला राग नेमका बाळासाठी असतो का, अशी शंका येते.

गर्भवतीनं तंबाखू सोडलाच पाहिजे. तिला हे स्पष्ट शब्दांत सांगितलंच पाहिजे. लपवून ठेवणं म्हणजे तिला अज्ञानात ठेवणं. पण सांगायच्या आधी दोन-तीन गोष्टी विचारायला हव्यात, आणि त्या बाजूला बसवून, हळू आवाजात. कधीपासून लावतेस? दात दुखतो म्हणून, की भूक मारायला? घरात आणखी कोण लावतं? या प्रश्नांच्या उत्तरांत कधी दाताचा डॉक्टर लागेल, कधी पोटभर जेवण लागेल, कधी सासूलाही समोर बसवून समजवावं लागेल. २०१८पासून तंबाखूच्या पुड्यांवर व्यसन सोडण्यासाठी एक फोन नंबर छापला जातो. तो वाचता न येणाऱ्या बाईला कुणीतरी वाचून दाखवायला हवा, लावून द्यायला हवा.

१९२९ साली मुंबईनं अफूवाल्या आयांना रजा दिली, तेव्हा तिनं अफूची तरफदारी केली नव्हती. तीव्र इच्छेला हिताची जोड द्या, असं चरकांनी सांगितलं, तेव्हा त्यांनीही अहिताला हित म्हटलं नव्हतं. ज्या बाईच्या पोटात दुसरं हृदय धडधडतं आहे, तिचं स्वतःचं हृदयही त्यांनी मोजलं होतं, एवढंच.