पिवळ्या विटांचं गाव

आमचे जावई सिरॅक्यूजला नोकरीला, म्हणून २०१६ चा उन्हाळा मी लेकीकडे काढला. जून उजाडला तशी नातीने भुणभुण लावली, "आजी, चिटनँगोला जाऊ या." ती तेव्हा सात वर्षांची होती.

न्यूयॉर्क राज्यातलं हे गाव सिरॅक्यूजच्या पूर्वेला, मोटारीने अर्ध्या तासाच्या आत. फूटपाथ चक्क पिवळ्या विटांचे. कारण 'विझर्ड ऑफ ऑझ'चा लेखक एल. फ्रँक बाउम १५ मे १८५६ रोजी इथे जन्मला. तो लहान असतानाच घरच्यांनी गाव सोडलं, पण गावाने काही त्याला सोडलं नाही! १९७८ पासून इथे उत्सव होतो, हल्ली जूनच्या पहिल्या शनिवार-रविवारच्या सुमारास. मिरवणुकीत बुजगावणी, पत्र्याची माणसं, भित्रे सिंह आणि डझनावारी डोरथी. एक आजोबा तर माझ्याच वयाचे असतील, सिंहाची आयाळ लावून घामाघूम झाले होते. १९३९ च्या चित्रपटात मंचकिन झालेले कलाकारही पूर्वी या उत्सवाला येत. त्यांच्यातले जेरी मॅरेन २०१८ मध्ये गेले.

मला या गोष्टीचं अप्रूप जुनं. सातवीच्या ऑफ तासाला मी ती कितीदा तरी सांगितली असेल. पुस्तकात डोरथीचे बूट चांदीचे आहेत, लाल झाले ते सिनेमात, हेही मुलांना ठासून सांगायचे. मास्तरकी अंगात मुरलेली, दुसरं काय!

परत आल्यावर बाउमबद्दल नीट वाचायला घेतलं. हा गृहस्थ १८८८ साली बायको-मुलांसह डाकोटा प्रदेशातल्या ॲबर्डीनला गेला. तिथे दुकान टाकलं. पाऊस नाही, पीक नाही, लोक उधारीवर माल नेत. १८९० च्या सुरुवातीलाच दुकान बुडालं. पुस्तकातलं ते करडं, रखरखीत कॅन्सस म्हणजे खरं तर हे डाकोटा, असं बरेच अभ्यासक मानतात. मग त्याने 'ॲबर्डीन सॅटर्डे पायोनियर' हे साप्ताहिक चालवायला घेतलं.

इथवर मी कौतुकाने वाचत होते. १५ डिसेंबर १८९० ला सिटिंग बुल हा लाकोटांचा नेता मारला गेला. २० तारखेच्या अंकात बाउमने अग्रलेख लिहिला की उरलेल्या मूळ रहिवाशांचा पुरता निर्वंश करावा. २९ डिसेंबरला वुंडेड नी इथे सैन्याने अडीचशेहून अधिक लाकोटा मारले, त्यात बायका-मुलं कितीतरी. ३ जानेवारी १८९१ च्या अंकात त्याने तीच मागणी पुन्हा केली. काही जण म्हणतात, तो उपरोध होता. मी दोन्ही लेख दोन-तीनदा वाचले. आयुष्यभर मुलांचे निबंध तपासले आहेत, मला काही त्यात उपरोध दिसला नाही.

आणि याची सासू कोण, तर मटिल्डा जॉस्लिन गेज! स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटलेली बाई. हॉडेनोसॉनी लोकांत बायकांना केवढा मान आणि अधिकार असतो हे तिने आवर्जून लिहिलं. १८९३ मध्ये मोहॉक लोकांनी तिला आपल्या लांडगा कुळात मानाने सामावून घेतलं. जावयाला गोष्टी लिहून काढ म्हणून सांगणारी हीच. पुस्तक आलं १९०० साली, ती १८९८ मध्येच वारली. अग्रलेख वाचून ती जावयाला काय बोलली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. तिचं फेएटव्हिलचं घर आमच्या वाटेवरच्या गावात होतं. आम्ही आइसक्रीम खात पुढे निघून गेलो.

२००६ साली बाउमच्या वंशजांनी सू लोकांची माफी मागितली. पणतवंडांच्या पिढीने मागितलेली माफी कुणाला पोचते, कळत नाही, पण न मागण्यापेक्षा ते बरंच. गंमत म्हणावी की काय, चिटनँगो ही मुळात ओनायडा लोकांची भूमी, आणि २०१५ मध्ये त्या ओनायडांनीच तिथे 'यलो ब्रिक रोड' नावाचा कॅसिनो काढला. नावावरून टीकाही झाली. बाहेरून आलेल्या मी त्यात काय बोलावं?

गोष्ट मात्र मला आजही आवडते. बुजगावण्याला अक्कल हवी असते आणि सगळ्या अडचणींतून वाट तोच काढतो, हे सांगताना वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलांचे चेहरे कसे उजळायचे! ते खोटं कसं म्हणू?

नात आता शाळेच्या शेवटच्या वर्षांत आहे. मध्यंतरी तिचा फोन आला, तिला कुठलंसं टिपण लिहायचं होतं, बाउमवर. मी अग्रलेखांच्या दोन्ही तारखा सांगितल्या. दोन दिवसांनी पुन्हा फोन. "आजी, आपण मिरवणुकीला गेलो तेव्हा तुला हे माहीत होतं?"

तेव्हा नव्हतं माहीत. पण त्याच वर्षी कळलं, आणि इतकी वर्षं मी तुला बोलले नाही, हेही तिला सांगून टाकलं.