मद्यमुक्तीच्या सभा आणि शोधाचा खर्च

काही वर्षांपूर्वी महाराष्ट्राबाहेरील एका नेमणुकीवर असताना माझ्यापुढे एका सहायकाची फाइल आली. वारंवार विनापरवानगी गैरहजेरी, एकदा मद्याच्या अमलाखाली कार्यालयात येणे, आणि केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील नियम २२ अन्वये कारवाईचा प्रस्ताव. गृहस्थ वऱ्हाडातले. त्यांना बोलावून घेतले तेव्हा ते इतकेच म्हणाले, "साहेब, सोडायची आहे. पण जाऊ कुठं?"

नियम २२ मध्ये या प्रश्नाचे उत्तर नाही. अशाच एका फाइलीवर पूर्वी मी कोणताही प्रश्न न विचारता सही केली होती, आणि तो माणूस पुढे फार दिवस जगला नाही. म्हणून या वेळी प्रश्नाचा पाठपुरावा करायचे ठरवले.

जॉर्ज स्टिग्लर या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली मांडले की माहिती शोधण्यालाही किंमत पडते. मद्यमुक्तीची सभा विनामूल्य असते. ती सापडणे मात्र विनामूल्य नसते. ही किंमत वेळ, लाज आणि धीर या रूपांत मोजावी लागते. या सभांचा इतिहास म्हणजे ती किंमत कमी करत नेण्याचाच इतिहास आहे.

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात १८४० साली सहा मद्यपी एका गुत्त्यातच एकत्र आले आणि त्यांनी न पिण्याची शपथ घेतली. त्यांची 'वॉशिंग्टोनियन' चळवळ झपाट्याने फोफावली. १८४२ मध्ये अब्राहम लिंकन यांनी तिच्या व्यासपीठावरून भाषणही केले. परंतु राजकारण आणि दारूबंदीचे वाद तिच्यात शिरले, आणि काही वर्षांतच ती विरली.

दुसरा अध्याय मे १९३५ मध्ये ओहायो राज्यातील ॲक्रन गावी सुरू झाला. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात वावरलेले बिल विल्सन धंद्यातील एक प्रयत्न फसल्यावर हॉटेलात एकटे उभे होते. काही महिने न प्यायलेल्या त्या माणसाला समोरचे मद्यालय खुणावू लागले. त्यांनी दूरध्वनी उचलला आणि चर्चच्या यादीतील क्रमांक फिरवायला सुरुवात केली. त्यांना उपदेशक नको होता, आपल्यासारखाच एखादा मद्यपी हवा होता. अखेर शल्यचिकित्सक डॉ. रॉबर्ट स्मिथ यांच्याशी गाठ पडली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले होते. संभाषण कित्येक तास चालले. १० जून १९३५ हा डॉक्टरांच्या शेवटच्या पेल्याचा दिवस 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' अर्थात ए. ए.चा स्थापनादिन मानला जातो.

१९५० साली संघटनेने बारा परंपरा स्वीकारल्या. सदस्यत्वाची अट एकच, मद्य सोडण्याची इच्छा. प्रत्येक गट स्वायत्त. बाहेरची देणगी नाही. बाहेरच्या वादांवर मत नाही. वॉशिंग्टोनियन ज्या खडकावर आपटले तो नेमका टाळला गेला. अनुदान आणि लक्ष्यांक यांवर पोसलेल्या आपल्या योजनांकडे पाहता प्रशासकाने यावर विचार करावा.

भारतात १९५७ साली मुंबईत ए. ए.ची सुरुवात झाली. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा तेव्हा लागू होता आणि परवान्याविना पिणे हा गुन्हा होता. अशा ठिकाणी निनावीपणाचे मोल वेगळे सांगायला नको. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केले. उपचार करणाऱ्यांत व्यसनातून बाहेर पडलेलेच लोक असावेत, हे तत्त्व तिथेही रुजले.

आमच्या सहायकांना मी प्रथम डॉक्टरांकडे पाठवले, कारण जुन्या मद्यप्याने एकाएकी दारू थांबवली तर झटके येऊन जिवावर बेतू शकते. नंतर सभांचा शोध सुरू झाला. पहिली सभा इंग्रजीत होती. ते शेवटच्या खुर्चीवर बसून परत आले. दुसरी हिंदीत होती, पण तिथला ईश्वराचा उल्लेख त्यांना रुचला नाही. त्यांना वाटले, आपल्यातच खोट आहे. मी सांगितले, प्रत्येक गट निराळा असतो. आणखी दोन-तीन पाहा. तिसऱ्या सभेत एक निवृत्त रेल्वे कर्मचारी आपली कथा सांगत होता. त्या रात्री ते प्रथमच बोलले. २०२० च्या टाळेबंदीत दूरस्थ सभा सुरू झाल्या, तेव्हा त्यांना मराठीत बोलता आले. त्यांच्या पत्नीला कुटुंबीयांसाठी १९५१ पासून चालणाऱ्या 'अल-ॲनॉन'चा आधार मिळाला.

२०२० मध्येच कॉक्रेन संस्थेने २७ अभ्यास तपासून निष्कर्ष काढला की मद्यापासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत ए. ए. आणि तिच्याकडे वळवणारे उपचार हे इतर प्रस्थापित उपचारांच्या तोडीचे, कधी सरसही ठरतात. तरीही सर्वांना ते मानवतीलच असे नाही.

फाइलीवर मी सहा महिने कारवाई स्थगित ठेवण्याची टिप्पणी लिहिली. त्या काळात ते एकदा घसरले. मी मुदत वाढवली. आज ते सेवेत आहेत. परमुलुखात राहणाऱ्या मराठी वाचकांपैकी कोणी हा शोध घेत असेल, तर एका सभेवरून निर्णय करू नये. आणि ज्यांच्या टेबलावर अशी फाइल येईल, त्यांनी सहीपूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा. तो पूर्वी मी विचारला नव्हता.