तालीम, कवायत आणि नोंदवही : व्यायामसमूहांची बदलती रचना व प्रवेशाचा प्रश्न (विशेष संदर्भ : कोरेगाव भीमा)

प्रस्तावना

महाराष्ट्रातील शारीरिक शिक्षणाच्या इतिहासाचे लेखन प्रामुख्याने दोन अंगांनी झालेले आढळते. एका बाजूस नामवंत मल्लांची व व्यायामाचार्यांची चरित्रे आहेत, तर दुसऱ्या बाजूस व्यायामसंस्थांचे सुवर्णमहोत्सवी व शताब्दी ग्रंथ आहेत. एकत्र व्यायाम करणारा समूह कसा बांधला जातो, त्याच्या रचनेत कोणत्या नव्या सोयी येतात आणि त्या सोयींमुळे समूहाचे दार नव्या माणसाला उघडते काय, या प्रश्नांकडे तुलनेने कमी लक्ष दिले गेले आहे. आज भ्रमणध्वनीवर चालणाऱ्या सराव-समूहांत दर काही महिन्यांनी नवी सुविधा येते, जुनी काढून घेतली जाते. हा प्रकार नवा वाटत असला तरी त्यामागील प्रश्न जुना आहे.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) पारंपरिक तालमीच्या रचनेचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) कवायत, छापील ग्रंथ, नियमावली व नोंद या घटकांमुळे त्या रचनेत झालेले बदल पाहणे.
३) रचनेतील बदल आणि प्रवेशाचा अधिकार यांचा परस्परसंबंध तपासणे.

तालमीची मूळ रचना

तालीम म्हणजे केवळ कुस्तीची जागा नव्हे. तांबड्या मातीचा हौद, मारुतीची मूर्ती, मलखांब, मुद्गल, जोर-बैठकांची जागा आणि या सर्वांवर देखरेख करणारा वस्ताद मिळून तालीम पूर्ण होते. हौदातील मातीत तेल, ताक, हळद व लिंबू मिसळून ती मऊ ठेवली जाई. नव्या पठ्ठ्याने आधी माती उकरावी, जोर काढावेत, मग डाव शिकावा, असा क्रम असे. मलखांबाच्या पुनरुज्जीवनाचे श्रेय पेशवाईच्या उत्तरकाळातील बाळंभटदादा देवधर यांना दिले जाते.

या रचनेचे वैशिष्ट्य असे की सर्व ज्ञान वस्तादाच्या ठायी असे. डाव लिहिलेला नसे, सरावाची वही नसे आणि कोणाला आत घ्यावयाचे याचा निर्णयही वस्तादाचाच असे. परिणामी तालमीचा मोकळेपणा किंवा संकुचितपणा त्या एका व्यक्तीच्या दृष्टीवर अवलंबून राही.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे पुण्याच्या गंज पेठेतील लहुजी राघोजी साळवे (१७९४-१८८१) यांची तालीम होय. लहुजींचे वडील राघोजी १८१७ च्या खडकीच्या लढाईत पेशव्यांच्या बाजूने लढताना कामी आले. मातंग समाजात जन्मलेल्या या वस्तादाच्या हाताखाली विविध जातींचे तरुण शिकले. दांडपट्टा व नेमबाजीचे शिक्षण आपण लहुजींकडे घेतल्याचे महात्मा जोतीराव फुले यांनी स्वतः नमूद केले आहे. अस्पृश्य मानलेला वस्ताद आणि स्पृश्य शिष्य हे नाते त्या काळच्या पुण्यात शाळेत शक्य नव्हते. तालमीत ते शक्य झाले. मात्र तालमीची रचना तीच असताना इतर ठिकाणी असे घडत नव्हते, हेही लक्षात घेतले पाहिजे. दार उघडण्यास रचना कारणीभूत नव्हती. ते वस्तादाने उघडले होते.

कोरेगाव भीमा : कवायत आणि नोंद

कोरेगाव भीमा हे पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, भीमा नदीच्या काठी, पुणे-अहिल्यानगर मार्गावर वसलेले गाव आहे. १ जानेवारी १८१८ रोजी येथे झालेल्या लढाईच्या अन्वयार्थाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. प्रस्तुत निबंधाचा संबंध त्या वादाशी नसून त्या दिवशी तेथे असलेल्या पलटणीच्या प्रशिक्षणपद्धतीशी आहे.

कॅप्टन फ्रान्सिस स्टॉन्टन याच्या नेतृत्वाखालील तुकडी ३१ डिसेंबर १८१७ रोजी रात्री शिरूरहून निघाली. तीत मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे सुमारे ५०० शिपाई, अडीचशे ते तीनशे घोडेस्वार आणि दोन तोफांसह मद्रास तोफखान्याचे २४ गोलंदाज होते. रात्रभरात सुमारे २५ मैल चालून ही तुकडी सकाळी भीमेच्या काठी पोहोचली आणि त्यानंतर दिवसभर अन्नपाण्यावाचून लढत राहिली. रात्रभर चालून पुन्हा दिवसभर रांग न मोडता लढणे हे वैयक्तिक शौर्याइतकेच दीर्घ सामूहिक सरावाचे फळ होते.

तालीम आणि पलटण यांतील फरक येथे स्पष्ट होतो. पलटणीत शिकविणारा बदलला तरी शिक्षण बदलत नसे, कारण आज्ञेचे शब्द ठरलेले होते. एकाच शब्दावर शेकडो पावले एकदम पडत. दुसरे असे की, पलटणीत प्रत्येकाचे नाव हजेरीपटावर असे. तालमीत पठ्ठ्याचे नाव वस्तादाच्या स्मरणात राही. पलटणीत ते कागदावर राही.

या नोंदीचे महत्त्व पुढे दिसून आले. २६ मार्च १८२१ रोजी कोरेगाव येथे स्तंभाची पायाभरणी झाली. त्यावर कंपनीच्या बाजूने कामी आलेल्यांची ४९ नावे कोरलेली आहेत. त्यांपैकी २२ नावे महार शिपायांची असल्याचे नावाच्या शेवटी येणाऱ्या ‘नाक’ या प्रत्ययावरून मानले जाते. उर्वरित नावांत मराठा, मुसलमान आदी शिपाई आहेत. म्हणजेच गावात ज्यांना एका पाणवठ्यावर उभे राहता येत नव्हते, ते पलटणीत एका रांगेत उभे होते आणि त्यांची नावे एकाच दगडावर आली. कवायतीने समता निर्माण केली असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल, कारण कंपनीचा हेतू लष्करी उपयुक्ततेचा होता. परंतु प्रवेश व नोंद मिळाल्याने एका समाजाला शिस्तबद्ध शारीरिक शिक्षण, वेतन आणि छावणीतील शाळा या गोष्टी लाभल्या, हे निर्विवाद आहे.

बंद झालेले दार

१८५७ नंतर इंग्रज सरकारच्या भरतीधोरणात ‘लढवय्या जाती’ची कल्पना हळूहळू प्रबळ होत गेली आणि १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरती थांबविण्यात आली. या वेळी कवायतीच्या पद्धतीत काहीही उणे झालेले नव्हते. उलट बंदुका, बराकी व प्रशिक्षण यांत सुधारणाच होत होत्या. तरीही ज्या समाजाने या सुधारणांपूर्वी पलटणीत पिढ्या घालविल्या, त्याला त्यांचा लाभ मिळाला नाही. व्यवस्थेची रचना प्रगत होत असतानाच तिचे दार बंद होऊ शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

हे दार पुन्हा उघडावे म्हणून गोपाळबाबा वलंगकर व त्यानंतर शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज-विनंत्यांचा मार्ग अवलंबिला. पूर्वजांच्या लष्करी सेवेचा दाखला हा या अर्जांचा आधार होता. ज्या सेवेची नोंद राहिली, तिचाच दाखला देता आला. पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली गेली, परंतु युद्धानंतर ती टिकली नाही. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोरेगावच्या स्तंभास भेट दिली. त्याच वर्षी समता सैनिक दलाची स्थापना झाली. गणवेश, कवायत व स्वयंसेवकांची शिस्त हे या दलाचे विशेष होते आणि त्याच्या उभारणीत निवृत्त महार सैनिकांचा वाटा होता. सरकारी पलटणीचे दार बंद असताना तिची प्रशिक्षणपद्धती समाजाने स्वतःच्या बळावर चालविली, असा याचा अर्थ होतो. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ मध्ये, बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली.

शब्द, चित्र आणि नियम

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नागरी व्यायामसंस्थांची रचनाही बदलली. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचे प्रा. माणिकराव (१८७८-१९५४) यांनी सांघिक व्यायामासाठी भारतीय भाषेतील आज्ञा रूढ केल्या. मुस्लिम उस्तादाकडून हिंदू शिष्याकडे आलेली ही परंपरा होती. इंग्रजी आज्ञेवर चालणारी कवायत त्यांच्यामुळे शाळेच्या मैदानावर देशी शब्दांत आली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने (स्थापना १९१४) १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास खो-खोचे नियम तयार केले. नियम छापले गेल्यामुळे दोन अपरिचित गावांचे संघ एकमेकांशी खेळू लागले.

या काळातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा म्हणजे दत्तात्रय चिंतामण ऊर्फ आबासाहेब मुजुमदार यांनी बडोद्याहून संपादित केलेला दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ (१९३६-१९४९) होय. वस्तादाच्या तोंडी असलेले डाव, मलखांबाच्या उड्या व शस्त्रांचे हात या ग्रंथामुळे चित्रांसह कागदावर आले. ज्याच्या गावी वस्ताद नाही, त्यालाही ते पाहता येऊ लागले. दूरस्थ सराव-समूहाचा हा मराठीतील एक आरंभ मानता येईल. तथापि हा ग्रंथ वाचण्यासाठी साक्षरता लागे आणि तो विकत घेण्यासाठी किंवा पाहण्यासाठी पैसा अथवा ग्रंथालयात प्रवेश. म्हणजे वस्तादाची अट गेली, तरी तिच्या जागी दुसऱ्या अटी आल्या.

माती, मॅट आणि महिला

रचनेतील बदलाचा खेळाडूवर होणारा परिणाम खाशाबा जाधव यांच्या उदाहरणात दिसतो. मातीत तयार झालेल्या खाशाबांना १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवर व अपरिचित नियमांनी लढावे लागले आणि ते सहाव्या क्रमांकावर राहिले. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले. त्या प्रवासासाठी गावातून व परिचितांकडून पैसे उभे करावे लागले होते. नवी पद्धत आत्मसात करण्यास चार वर्षे पुरली; परंतु स्पर्धेच्या दारापर्यंत जाण्याचा खर्च ही खेळाडूची खासगी जबाबदारीच राहिली.

महिलांच्या बाबतीत हे अंतर अधिक मोठे आहे. ‘महाराष्ट्र केसरी’ ही स्पर्धा १९६१ मध्ये सुरू झाली. पुढे तीत माती व मॅट असे दोन विभाग झाले, वजनगट बदलले, गुणपद्धती बदलली. महिलांसाठीची पहिली ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धा मात्र २०२३ मध्ये सांगली येथे झाली. म्हणजे मॅट आली तरी तिच्यावर महिलांना जागा मिळण्यासाठी ६२ वर्षे आणि एका स्वतंत्र निर्णयाची आवश्यकता होती.

आंतरजालावरील सराव-समूह

२००९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेले ‘स्ट्राव्हा’ हे धावपटू व सायकलस्वारांचे ॲप या परंपरेच्या संदर्भात अभ्यासण्यासारखे आहे. त्याचे संस्थापक मार्क गेनी व मायकल हॉर्वाथ हे हार्वर्ड विद्यापीठाच्या नौकानयन संघातील माजी खेळाडू होते. शिक्षण संपल्यावर हरवलेली संघाची सोबत दूर राहूनही मिळावी, ही त्यामागील मूळ कल्पना. ठरावीक टप्प्यावरील वेळेची क्रमवारी, सोबत्याला दिलेली शाबासकी आणि प्रत्येक सरावाची नोंद ही त्याची अंगे होत. तालमीतील ईर्ष्या, वस्तादाची थाप आणि पलटणीचा हजेरीपट ही तिन्ही येथे नव्या रूपात एकत्र आलेली दिसतात.

या रचनेतील दोन घटना बोलक्या आहेत. जानेवारी २०१८ मध्ये असे लक्षात आले की, सर्वांच्या धावण्याच्या नोंदी एकत्र करून या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या नकाशावरून दूरदेशीच्या लष्करी तळांवरील सैनिकांचे सरावमार्ग ओळखता येतात. नोंद ज्याची, तिच्यावर अधिकारही त्याचाच असतो असे नाही, हे यावरून स्पष्ट झाले. मे २०२० मध्ये टप्प्यांची संपूर्ण क्रमवारी पाहण्याची सोय केवळ वर्गणीदारांपुरती ठेवण्यात आली. इतरांना पहिली दहा नावे तेवढी दिसू लागली. धावणारा तोच, रस्ता तोच. परंतु समूहातील आपले स्थान पाहण्याचा हक्क एका निर्णयाने बदलला.

शिरूर-दौंड परिसरासह ग्रामीण महाराष्ट्रातील तरुणांच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. राज्यातील पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीस ५० गुण ठेवलेले आहेत. मुलांसाठी १६०० मीटर, मुलींसाठी ८०० मीटर, तसेच दोघांसाठी १०० मीटर धावणे व गोळाफेक असे तिचे स्वरूप आहे. पहाटे रस्त्याच्या कडेने धावणाऱ्या उमेदवाराला वेळ मोजण्याचे साधन आज हातातील भ्रमणध्वनीत मिळते. परंतु सुरक्षित मैदान, मार्गदर्शक आणि मुलींना अंधारात सरावाला बाहेर पडण्याची मुभा या गोष्टी भ्रमणध्वनी देऊ शकत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :
१) तालीम, पलटण, ज्ञानकोश व ॲप या चारही रचनांत ज्ञानाचे वहन क्रमाक्रमाने सुलभ झाले. ते वस्तादाकडून आज्ञेच्या शब्दात, शब्दातून चित्रात आणि चित्रातून आपोआप होणाऱ्या नोंदीत गेले.
२) ज्ञानवहन सुलभ झाले म्हणून प्रवेश आपोआप खुला झालेला नाही. लहुजींच्या तालमीत तो जुन्या रचनेतही खुला होता. १८९२ नंतरच्या सैन्यात तो सुधारलेल्या रचनेतही बंद होता.
३) नोंदीचे सामर्थ्य मोठे आहे. कोरेगावच्या स्तंभावरील नावांनी शंभर वर्षांनंतर एका समाजाच्या हक्काच्या मागणीला बळ दिले. म्हणून नोंद कोणाच्या ताब्यात राहते, हा व्यायामाच्या इतिहासाचाही प्रश्न ठरतो.

महाविद्यालयीन जिमखान्याच्या संदर्भात या निष्कर्षांचा उपयोग सरळ आहे. नवीन मॅट, यंत्रे किंवा ॲप घेतल्याचा उल्लेख वार्षिक अहवालात होतोच. त्याबरोबर जिमखान्यात प्रत्यक्ष येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या, त्यांतील मुलींचे प्रमाण, बाहेरगावाहून एस.टी.ने येणाऱ्यांना सोयीची ठरणारी वेळ आणि शुल्क न परवडल्याने गळालेल्यांची नोंद ठेवल्यास प्रवेशाच्या प्रश्नाचे खरे उत्तर त्या नोंदवहीतून मिळू शकेल.