देणारा, घेणारा आणि सहा अमोनिया

कोबाल्ट या धातूचा क्षार आणि अमोनिया यांपासून तयार होणारी संयुगे मोठी रंगीत असतात. कुणी पिवळे, कुणी जांभळे, तर कुणी हिरवे. एकोणिसाव्या शतकातल्या रसायनशास्त्रज्ञांना या रंगांनी भुरळ घातली आणि कोड्यातही टाकले. कोबाल्ट क्लोराइड हे पूर्ण संयुग, अमोनियाही पूर्ण. दोघांच्याही संयुजा भागलेल्या. मग दोन तृप्त जीव पुन्हा एकमेकांना इतके घट्ट का बिलगतात?

कोपनहेगनचे प्राध्यापक योर्गेनसेन यांनी अशी असंख्य संयुगे वर्षानुवर्षे निगुतीने तयार केली. अमोनियाचे रेणू साखळीसारखे एकमेकांना जोडलेले असावेत, असे त्यांचे मत होते. १८९३ साली झुरिकच्या आल्फ्रेड व्हेर्नर या २६ वर्षांच्या तरुणाने वेगळेच चित्र मांडले. मध्यभागी धातू, त्याभोवती सहा जागा. त्या जागांवर बसलेले सहजासहजी सुटत नाहीत. बाहेर राहिलेले क्लोरीन मात्र द्रावणात मोकळे होते. सिल्व्हर नायट्रेट टाकले की मोकळ्या क्लोरीनचा पांढरा साका खाली बसतो. सहा अमोनिया असलेल्या संयुगात तीन क्लोरीन मोकळे मिळतात, पाच अमोनिया असतील तर दोन आणि चार असतील तर एकच.

गंमत म्हणजे व्हेर्नरने तोवर या संयुगांवर स्वतः प्रयोग केलेले नव्हते. त्याचा आधार बव्हंशी योर्गेनसेन यांच्याच मेहनतीचा होता! वाद बरीच वर्षे चालला. चार अमोनियांच्या हिरव्या संयुगाला त्याच घटकांचे एक जांभळे भावंड असलेच पाहिजे, असे व्हेर्नरचे म्हणणे. पण ते कुणी पाहिलेले नव्हते. १९०७ साली व्हेर्नरने ते तयार करून दाखवले आणि योर्गेनसेन यांनी आपला आक्षेप मागे घेतला. आयुष्यभराचे मत पुराव्यापुढे खाली ठेवणे सोपे नसते. १९१३ साली व्हेर्नरला नोबेल पारितोषिक मिळाले.

तरी मूळ प्रश्न उरलाच. चिकटवते कोण? उत्तर अमेरिकेतून आले. बर्कलीच्या गिल्बर्ट ल्यूइस यांनी १९२३ साली व्याख्या केली : इलेक्ट्रॉनची जोडी स्वीकारतो तो आम्ल, देतो तो आम्लारी. अमोनियातल्या नायट्रोजनपाशी अशी एक जोडी शिल्लक असते. कोबाल्टच्या आयनाला इलेक्ट्रॉनची उणीव असते. सहा अमोनिया सहा जोड्या पुढे करतात, कोबाल्ट त्या स्वीकारतो. एरवीच्या भागीदारीत दोघेही निम्मे भांडवल घालतात. इथे सगळे भांडवल एकाचे, पण संसार दोघांचा. असे देणाऱ्याला आज लिगंड म्हणतात.

हा व्यवहार आपल्या रक्तातही चालतो. हिमोग्लोबिनमधल्या लोहाभोवतीही सहाच जागा. चार जागी सपाट कड्यातले नायट्रोजन, पाचव्या जागी प्रथिनातला नायट्रोजन आणि सहावी जागा प्राणवायूसाठी. प्राणवायू तिथे बसतो आणि उतरतोही, म्हणून आपण जगतो. पण बंद खोलीत कोळशाची शेगडी धुमसत राहिली की कार्बन मोनॉक्साइड तीच जागा बळकावतो. त्याची पकड प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट असते. म्हणून थंडीच्या रात्री शेगडी खोलीबाहेर ठेवावी आणि खिडकी किलकिली राहू द्यावी.